शिक्षकाचे घर आणि वस्ती

शाळा सुटली की शिक्षकाचे काम संपते, घर हा त्याचा खाजगी प्रांत, असा उपदेश हल्ली शिबिरांतून ऐकू येतो. उपदेश वाईट नाही. पण दलितांना शिकवणाऱ्याच्या आणि दलित शिक्षकाच्या आयुष्यात ही हद्द प्रथम दुसऱ्यांनीच आखली, हा इतिहास तिथे कोणी सांगत नाही.

१८४८ साली जोतीरावांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढच्याच वर्षी त्यांना आणि सावित्रीबाईंना वडिलांचे घर सोडावे लागले. शाळा की घर, असाच तो सवाल होता. सावित्रीबाई शाळेत जाताना जादा लुगडे नेत आणि वाटेत शेणाने भरलेले लुगडे बदलून वर्गात उभ्या राहत, असे सांगतात. रस्त्यावरचा अपमान मुलींसमोर न्यायचा नाही, ही त्यांनी स्वतः आखलेली हद्द. घराला मात्र त्यांनी कुंपण घातले नाही. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह त्यांच्या घरीच निघाले आणि १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला झाला.

बाबासाहेब १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. प्राध्यापकांच्या खोलीतले पाणी त्यांनी पिऊ नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे होते. बाबासाहेब सरकारी नोकरीत होते. जात खुशाल कामाच्या जागी येत होती. जातीविरुद्धची लेखणी तेवढी बाहेर ठेवायची! वर्तणूक नियमांचा धाक आजही असाच एकतर्फी चालतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. गावात खोली मिळाली नाही, म्हणून बौद्धवाड्यात राहिलो. संध्याकाळी समन्स वाचायला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला, नवरा-बायकोचे भांडण मिटवायला माणसे येत. 'गुरुजी' ही हाक रात्री अकरालाही येई. आलेल्यांचा चहा बायको करी, पगारातली साखर महिनाअखेरीस पुरत नसे. आमच्या चळवळीच्या इतिहासात या चुलीची नोंद नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी खंत व्यक्त केली. पुढे ती खंत दार लावणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या पाठीत चाबकासारखी वापरली गेली. हा अन्याय आहे. तालुक्याला बंगला बांधून आडनाव बदलणारा आणि वह्या तपासायला दोन तास दार लोटणारा, हे दोघे एक नव्हेत. पहिल्याला वस्ती नको असते. दुसऱ्याला उद्याचा वर्ग नीट घ्यायचा असतो.

आमच्या घरी हे बायकोने ठरवले. अर्ज रविवारी सकाळी, दवाखान्याचे काम केव्हाही, भांडण घेऊन रात्री यायचे नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी आधी कुरकुर केली. मग रविवारी रांग लागू लागली, आणि नववी-दहावीची मुले ओसरीवर बसून अर्ज भरून देऊ लागली.