बोआ मादीची शिल्लक

कार्ल लिनियसने 1758 साली ‘सिस्टेमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत बोआ कन्स्ट्रिक्टर या सापाचे नामकरण केले आणि त्याच्या वसतिस्थानासमोर ‘इंडीज देशांत’ असे मोघम लिहून टाकले. पुढच्या संशोधकांनी ही नोंद चुकीची ठरवली, कारण हा साप अमेरिका खंडातला. तरी त्या चुकीला एक गमतीदार पुरवणी आहे. 1801 साली पॅट्रिक रसेलने भारतातील मांडुळाचे वर्णन केले, तेव्हा त्यालाही ‘बोआ’ याच प्रजातीत बसवले आणि तरंगंबाडीचे मिशनरी क्रिस्टोफ जॉन यांच्या नावावरून ‘बोआ जॉनी’ म्हटले. आज मांडूळ ‘एरिक्स’ प्रजातीत गणला जातो. मात्र मांडूळ आणि अमेरिकेचा बोआ यांच्यात एक साम्य खरेच आहे: दोघांच्याही माद्या अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लांना जन्म देतात.

अमेरिकेचा खरा बोआ भारतात पोहोचला तो हौसेच्या मार्गाने. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने मांडुळासारख्या देशी सापांना संरक्षण दिले, पण परदेशी प्राणी त्याच्या कक्षेबाहेर राहिले. भारत 1976 साली वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइटिस’ करारात सामील झाला. 1981 साली या कराराची तिसरी परिषद नवी दिल्लीतच भरली. बोआंचे कुळ तोवर कराराच्या परिशिष्टांत आलेले होते. म्हणजे सीमेवर नियम होते. सीमा ओलांडून एखाद्या घरातील काचेच्या पेटीत पोहोचलेल्या सापाविषयी मात्र कायदा गप्प होता. दिल्लीतील पर्यावरण मंत्रालयाने जून 2020 मध्ये अशा प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्याचे आवाहन केले. त्यानंतर संसदेने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्ती संमत केली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि 28 फेब्रुवारी 2024 रोजी नोंदणीचे नियम अधिसूचित झाले. आता परिशिष्टांतील प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या संकेतस्थळावर त्याची नोंद करायची आणि झालेली पिल्लेही कळवायची.

जन्माची नोंद आली, पण जन्म देणारीचे काय? दोन विणींमध्ये मादीला किती काळ द्यावा, याविषयी नोंदणीच्या कलमात एक शब्दही नाही. हा प्रश्न भूतदयेचा आहेच. त्याआधी तो ऊर्जेच्या हिशेबाचा आहे, आणि त्या हिशेबाला स्वतःचा इतिहास आहे.

1971 साली इयन प्रेस्ट यांनी दक्षिण इंग्लंडमधील ॲडर या विषारी सापाचा दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माद्या साधारणपणे एक वर्षाआड पिल्ले देतात असे दिसले. पुढे 1980 साली रुडॉल्फ ड्रेंट आणि सर्ज डान यांनी पक्ष्यांच्या संदर्भात एक उपयुक्त भेद मांडला. काही जीव रोजच्या मिळकतीवर पिल्ले वाढवतात, तर काही आधी साठवलेल्या भांडवलावर. ही कल्पना पक्ष्यांपेक्षा सापांनाच अधिक चपखल बसली, असे म्हणायला हरकत नाही. शीतरक्ताचा प्राणी शरीर तापवण्यावर ऊर्जा खर्च करीत नाही; त्यामुळे महिनोन्‌महिने बचत करणे त्याला परवडते. झाव्हिए बोने आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधील ॲस्प व्हायपरवर केलेल्या कामातून दिसले की शरीरातील चरबीचा साठा एका ठरावीक पातळीवर पोहोचल्याखेरीज मादी अंड्यांत बलक भरायला सुरुवातच करीत नाही. साठा जमायला दोन-तीन वर्षेही लागतात. पश्चिम फ्रान्समधील अनेक माद्या तर आयुष्यात एकदाच विततात. दुसऱ्या वेळेइतकी पुंजी जमण्याआधीच त्या मरतात.

परंतु चरबी हा हिशेबाचा निम्माच भाग ठरला. ओलिव्हिए लूर्दे आणि सहकाऱ्यांनी 2004 साली बोआच्याच कुळातील इंद्रधनुषी बोआच्या माद्यांचे गर्भारपणात आणि प्रसूतीनंतर मोजमाप केले. गर्भार माद्या अन्न घेत नव्हत्या, आणि पाठीच्या कण्यालगतचे त्यांचे स्नायू झिजत गेले. चरबीबरोबर प्रथिनेही खर्ची पडत होती. त्याचा परिणाम थेट कामगिरीवर झाला: प्रसूतीनंतर या माद्यांची आवळण्याची ताकद घटलेली होती. ज्या सापाची शिकार आवळण्यावरच चालते, त्याच्या बाबतीत हे नुकसान किरकोळ नव्हे. भूक सर्वाधिक असताना शिकारीचे हत्यार सर्वांत बोथट.

काचेच्या पेटीतील मादीला शिकार करावी लागत नाही. मेलेला उंदीर चिमट्याने समोर धरला जातो. म्हणूनच तिची झीज पाळणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही. भरपूर खाऊ घातले की अंग पुन्हा गोल होते, वजनकाट्यावरचा आकडा पूर्वपदावर येतो, आणि नर पुन्हा पेटीत सोडण्याचा मोह होतो. एका विणीत दहापासून पन्नासच्याही वर पिल्ले होऊ शकतात आणि दुर्मीळ रंगाच्या पिल्लांना मोठी किंमत येते, हे लक्षात घेतले की मोहाचे कारण समजते. पण गोल झालेले अंग म्हणजे भरून आलेले स्नायू नव्हेत. साधारण चार महिन्यांचे गर्भारपण आणि त्याआधी बलक भरण्यात गेलेला साठा, दोन्ही मिळून खर्च मोठा असतो. अनुभवी पाळणारे विणीनंतर मादीला निदान एक हंगाम नरापासून दूर ठेवतात, तो निव्वळ हळवेपणा नाही.

रानातला बोआही हेच करतो. अर्जेंटिनातील बोआ कन्स्ट्रिक्टर ऑक्सिडेंटालिस या उपजातीच्या अभ्यासात माद्या दरवर्षी पिल्ले देत नाहीत असे आढळले. ही उपजात 1987 पासून साइटिसच्या परिशिष्ट 1 मध्ये आहे. त्यामुळे भारतात तिचे प्रजनन करायचे तर नुसती नोंदणी पुरत नाही, 2023 च्या नियमांनुसार स्वतंत्र परवाना लागतो. बाकी साऱ्या बोआंच्या माद्यांना किती विसावा मिळावा, हे आजही पेटीचे झाकण उघडणाऱ्या हातावरच सोडलेले आहे.