मावळातील कावीळ आणि पाणथरी

पवन, नाणे आणि आंदर मावळासह पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांत कावीळ उतरवण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली असून, तीत जाणकार मानला जाणारा माणूस रुग्णाच्या हातांना झाडाच्या सालीचा रस चोळून ते चुन्याच्या निवळीत धुवायला लावतो. निवळी पिवळी होते ती सालीतील द्रव्याने, परंतु पाहणाऱ्याला रोगच बाहेर पडल्यासारखा वाटतो. बहुतेक काविळी आपोआप ओसरतात, म्हणून प्रथा टिकली. मात्र एकाच घराण्यात पुनःपुन्हा उद्भवणारी कावीळ निराळी असू शकते.

चरकसंहितेत पांडुरोग आणि कामला यांचा विचार एकाच अध्यायात असून पांडुरोग्याला पुढे कामला होते असे सांगितले आहे. फिकटपणा व पिवळेपणा यांचे नाते इतक्या पूर्वी टिपले जावे, ही मोठीच गोष्ट होय. प्लीहेचे, म्हणजे पाणथरीचे, विवेचन मात्र उदररोगांत गेले. ब्रिटिश अमलात मुलांची पोटे चाचपून, वाढलेल्या पाणथरींवरून गावातील हिवताप मोजला जाऊ लागला, तेव्हा मावळातील एखाद्या मुलाची पाणथरी उपजत दोषाने वाढली असली, तरी तिचे खापर हिवतापावरच फुटले असणार.

फिकटपणा, कावीळ आणि वाढलेली पाणथरी या तिन्ही लक्षणांमागचा, घराण्यात उतरणारा रोग युरोपात ओळखला गेला. १८७१ मध्ये बेल्जियमच्या व्हानलेअर व मासियस यांनी रुग्णाच्या रक्तातील लहान, गोल पेशींचे वर्णन केले. १९०० मध्ये मिंकोव्हस्की यांनी रोगाचे आनुवंशिकत्व दाखवले. १९०७ मध्ये शोफार यांनी तो ओळखण्याची परीक्षा शोधली. तीत मिठाचे उत्तरोत्तर सौम्य द्रावण भरलेल्या नळ्यांत रक्त घालतात. निरोगी पेशी तग धरतात तेथेच या पेशी फुटून द्रावण लाल होते. कारण असे की पेशीच्या पटलाखाली स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते. ती किंवा तिला पटलाशी जोडणारी प्रथिने सदोष असली की पटल झिजते, चपटी पेशी गोल होते आणि पाणथरीच्या अरुंद वाटांत अडकून १२० दिवसांच्या आयुष्याआधीच नष्ट होते. त्यातून पांडुरोग, कावीळ आणि पित्ताशयातील खडे उद्भवतात.

लोणावळ्याहून रेल्वेने गाठता येणाऱ्या मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात, रक्तविकारांची राष्ट्रीय संशोधनसंस्था आहे. १९५७ मध्ये ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. ज्या घरात आई किंवा वडील यांना वारंवार कावीळ झाली असेल, तेथील मुलांना कावीळ उतरवायला नेण्याऐवजी त्यांचे रक्त अवश्य तपासून घ्यावे.