वैनगंगेवरील नाव आणि तिची डागडुजी

जुन्या शिडाच्या नावेची स्वहस्ते डागडुजी हा विषय कोकण किनाऱ्याचा, असे सामान्यतः मानले जाते. समुद्रापासून दूर असलेल्या भंडारा जिल्ह्याशी त्याचा संबंध अभ्यासकांनी क्वचितच जोडला असेल. तथापि वैनगंगेचा इतिहास नावेला वगळून लिहिता येणार नाही. ही नदी भंडारा जिल्ह्यातून दक्षिणेस जाऊन वर्धेला मिळते व पुढे प्राणहिता या नावाने सिरोंचानजीक गोदावरीत विलीन होते.

एकोणिसाव्या शतकात या जलमार्गाकडे राज्यकर्त्यांची दृष्टी वळली. मध्य भारतातील कापूस पूर्व किनाऱ्यास न्यावा, या हेतूने आर्थर कॉटन यांनी गोदावरी नौकानयनाची योजना पुरस्कारिली. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी तिला पाठबळ दिले. परंतु १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरास पोहोचली आणि १८७१ मध्ये अतिखर्चिक ठरलेले हे काम सोडून देण्यात आले. मोठ्या जहाजांची वाट बंद झाली. ढिवरांचा डोंगा मात्र टिकला. याचे एक कारण असे की, तो चालविणाराच तो दुरुस्तही करू शकत असे.

या दुरुस्तीचा काळ विचारात घेण्याजोगा आहे. कोकणात पावसाळ्यात नावा किनाऱ्यावर ओढल्या जातात. त्या काळात सांध्यांत कापूस व राळ ठासून नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा समुद्रात लोटतात. नदीवरील उताऱ्याच्या नावेची गरज पुराच्या दिवसांतच अधिक. शिवाय अखंड खोड कोरून केलेल्या नावेस उन्हाळ्यात तडे जातात. म्हणून ती सावलीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावी लागते व तडे पावसापूर्वीच बुजवावे लागतात. म्हणजे एकाच कामाचे दोन ऋतू आहेत.

शब्दांतही हा भेद आढळतो. 'बंदर', 'खलाशी', 'नाखवा' हे शब्द अरबी-फारसी व्यापारमार्गाने आले. 'डोण', 'डोणी' हे शब्द संस्कृत 'द्रोणी'कडे जातात. द्रोणी म्हणजे लाकडी कुंड आणि नावही. नदीकाठच्या शब्दांत वस्तू घडविण्याची रीत अशी उरली आहे.

२२ एप्रिल १९८८ रोजी गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी झाली. पुढे धरणामुळे पवनी परिसरात नदीचे पात्र व काठची वस्ती दोन्ही बदलली. अशा वेळी जुनी नाव संग्रहालयात ठेवणे इष्ट असले तरी पुरेसे नाही. कोणते लाकूड निवडले, तडा कसा बुजविला, कोणते हत्यार वापरले व त्या क्रियेस कोणता शब्द होता, याची नोंद ज्यांच्या हातांना ते काम माहीत आहे त्यांच्याकडूनच घ्यावयास हवी. ते हात थांबल्यावर संग्रहालयातील लाकडावरून हे शब्द परत मिळविता येणार नाहीत.