गोळी थांबते कुठे?

शेरलॉक होम्सच्या चाहत्यांना एक सोपा प्रश्न. बेकर स्ट्रीटवरच्या त्या घरात भिंतीवर 'व्ही. आर.' ही अक्षरं कशाने काढलेली होती? बरोब्बर, पिस्तुलाच्या गोळ्यांनी! १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'मस्ग्रेव्ह रिच्युअल' या कथेत हे वर्णन आहे. साहेब आरामखुर्चीत बसणार, शेजारी शंभर काडतुसं ठेवणार आणि समोरच्या भिंतीवर व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं उमटवणार. बिचाऱ्या वॉटसनचं म्हणणं इतकंच, की नेमबाजी हा मोकळ्या जागेत करायचा उद्योग आहे.

शाळेत असताना मला अर्थातच होम्स भारी वाटला होता. आता सोसायटीत राहतो, मेन्टेनन्स भरतो, त्यामुळे वॉटसनचं पटतं :-) पण एक किडा मात्र डोक्यात राहिलाच. घरात, चार भिंतींच्या आत, पिस्तूल झाडून बघणं सुरक्षितपणे शक्य आहे का? आणि इतिहासात लोकांनी ते कसं केलं? या शनिवार-रविवारी त्यावर बरंच वाचलं. वाचता वाचता विषय मजेशीर वळणावरून एका माणसाच्या जीवापर्यंत गेला, म्हणून लिहायला बसलो.

आधी थोडं गणित, घाबरू नका. आजकालच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने निघते. तिची ऊर्जा येते ४९० ज्यूलच्या आसपास. म्हणजे १० किलो तांदळाची पिशवी ५ मीटर उंचीवरून खाली टाकली तर जेवढी, तेवढी. पण ही सगळी 'पिशवी' आपल्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर येऊन आदळते. अमेरिकेत घरांच्या आतल्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ पत्रे ठोकून केलेल्या असतात. त्यातून ती एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत सहज जाते. आपल्याकडच्या काँक्रीटला तिरकी लागली तर उलटून कुठेही जाईल. शिवाय बंद खोलीत आवाज. १४० डेसिबलच्या वरचा एकच दणका कायमचा बहिरेपणा आणू शकतो, आणि पिस्तूल त्याच्या वरच जातं. धुरातून शिशाचे कण हवेत मिसळतात ते वेगळंच. थोडक्यात, चाप ओढणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात सोपा भाग आहे. खरा प्रश्न, ती गोळी थांबणार कुठे?

आता गंमत बघा. युरोपातल्या लोकांनी हा प्रश्न चक्क दिवाणखान्यात सोडवला होता! १८४५ साली लुई-निकोला फ्लोबेर या फ्रेंच बंदूककाराने एक इटुकलं काडतूस बनवलं. त्यात दारू भरलेलीच नव्हती. ठिणगी पाडणारी जी टोपी असते, तिच्याच तोंडावर एक छोटी शिशाची गोळी बसवलेली. टोपीच्या स्फोटाचा जेवढा काय जोर असेल तेवढ्यावर गोळी जाणार. त्यातून 'पार्लर गन' नावाचा प्रकारच निघाला. जेवणं झाली, पाहुणे बसलेत, चला जरा नेमबाजी होऊन जाऊ दे! जर्मन भाषिक मुलखात याचाच भाऊ होता 'झिमरश्टुट्झन'. झिमर म्हणजे खोली. खोलीत झाडायची बंदूक, नावातच सगळं आलं. फ्लोबेरच्या या खेळण्याचं घराणं पुढे मोठं झालं. स्मिथ अँड वेसनने १८५७ साली आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर आणलं, त्याचं .२२ शॉर्ट काडतूस याच कल्पनेवर उभं होतं. आजही जगभर वापरलं जाणारं .२२ याच कुळातलं.

यावर कडी केली पॅरिसच्या लोकांनी. त्यांनी मेणाच्या गोळ्या काढल्या आणि जाड अंगरखे नि मुखवटे चढवून एकमेकांवरच झाडायला सुरुवात केली. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी या मेणाच्या द्वंद्वाचं प्रात्यक्षिकही झालं होतं. पदकं वगैरे नव्हती, नुसता तमाशा.

आमच्या भाषेत सांगायचं तर हे सगळे टेस्ट एन्व्हायर्नमेंटवाले. खरी गोळी, खरी दारू म्हणजे प्रॉडक्शन. ते घरात आणायचंच नाही. गोळी थांबवता येत नाही ना, मग गोळीच दुबळी करा. उपाय झकास आहे, पण त्यातून खेळ होतो, परीक्षा होत नाही. खऱ्या काडतुसाने खरं हत्यार तपासायचं असेल तर?

तर त्यासाठी दुसरी परंपरा होती, आणि ती फारच जुनी. चिलखत बनवणारे कारागीर छातीच्या पत्र्यावर कारखान्यातच पिस्तुलाची गोळी झाडत. पत्रा फुटला नाही तर तो पोचा तसाच ठेवत. गिऱ्हाइकाला तोच पुरावा. इंग्रजीतल्या 'बुलेटप्रूफ' मधलं प्रूफ म्हणजे मुळात हीच परीक्षा.

बंदुकांच्या नळ्यांचंही तेच. वाईट नळी शत्रूऐवजी स्वतःच्याच मालकाच्या तोंडावर फुटायची. म्हणून १६३७ साली लंडनच्या बंदूककारांच्या संघाला राजाची सनद मिळाली आणि नळ्या तपासून त्यावर शिक्का मारायचं काम त्यांच्याकडे आलं. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउससाठी १८१३ साली पार्लमेंटने कायदाच केला. तिथली पद्धत वाचण्यासारखी आहे. नेहमीपेक्षा जास्त दारू भरलेल्या नळ्या एका भक्कम खोलीत ओळीने मांडायच्या, समोर वाळूचा ढीग, सगळ्या नळ्यांना जोडणारी दारूची एक रेघ. मग माणसांनी बाहेर यायचं, दार लावायचं आणि बाहेरून बत्ती द्यायची. आत जे फुटायचं ते फुटू दे! धूर विरला की आत जाऊन बघायचं, कोण वाचलं, कोण गेलं. वाचलेल्यांवर शिक्का.

इथे काय काय आलं बघा. भार नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे आपलं स्ट्रेस टेस्टिंग. माणूस खोलीबाहेर. आणि गोळी कुठे थांबणार हे बत्ती देण्याआधीच ठरलेलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या लोहार-सुतारांना हे कुठल्याही प्रोसेस मॅन्युअलने शिकवलं नव्हतं. बोटं गेलेले शेजारी बघून ते शिकले असणार.

आतापर्यंत प्रश्न होता नळी टिकते का, एवढाच. विसाव्या शतकात एक नवीन प्रश्न आला: ही गोळी याच पिस्तुलातून सुटली का? आणि इथे गोष्ट गंभीर होते.

मार्च १९१५. न्यूयॉर्क राज्यातलं वेस्ट शेल्बी नावाचं खेडं. चार्ल्स फेल्प्स हा म्हातारा शेतकरी आणि त्याची घर सांभाळणारी मार्गारेट वॉलकॉट, दोघांचा .२२ च्या गोळ्यांनी खून झाला. संशय आला समोरच राहणाऱ्या चार्ल्स स्टीलो या शेतगड्यावर. हा माणूस धड लिहू-वाचू न शकणारा, बुद्धीनेही जरा मंद. त्याच्याकडे .२२ चं रिव्हॉल्व्हर सापडलं. डिटेक्टिव्हांनी त्याच्याकडून कबुलीजबाबही मिळवला. मग खटल्यात अवतरले तज्ज्ञ अल्बर्ट हॅमिल्टन. हे गृहस्थ पूर्वी पेटंट औषधं विकायचे आणि स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचे. त्यांनी शपथेवर सांगितलं, की रिव्हॉल्व्हरच्या तोंडाशी नऊ ओरखडे आहेत, ते गोळ्यांवरच्या खुणांशी जुळतात, सबब गोळ्या याच हत्यारातून सुटल्या. ते ओरखडे ज्युरीला दिसले का? नाही. पण तज्ज्ञ म्हणताहेत ना! स्टीलोला मृत्यूदंड झाला. सिंगसिंगच्या तुरुंगात त्याची शिक्षा अगदी ऐनवेळी पुढे ढकलली गेली.

पुढे काही जिद्दी लोकांनी प्रकरण लावून धरलं आणि गव्हर्नरने नव्याने चौकशी लावली. त्या चौकशीत चार्ल्स वेट नावाचा एक माणूस होता. तिथे अखेर एक साधी गोष्ट करण्यात आली. ते रिव्हॉल्व्हर झाडून बघितलं! मिळालेल्या गोळ्या आणि खुनातल्या गोळ्या रॉचेस्टरमधल्या बाउश अँड लोम्ब कंपनीच्या मॅक्स पोझर या तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी तपासल्या. नळीच्या आत पीळदार खाचा असतात, त्यांचे ठसे गोळीवर उमटतात. हे ठसे जुळत नव्हते. १९१८ साली स्टीलो सुटला.

एक चाचणी. तीही हत्यार हातात असताना, काडतूस चार आण्याचं असताना. ती न करता एका माणसाला खुर्चीपर्यंत नेलं होतं.

वेट त्या अनुभवाने इतका हलला, की त्याने पुढची वर्षं वेगवेगळ्या बंदुकांच्या नळ्यांची मापं गोळा करण्यात घालवली. १९२५ साली वेट, कॅल्व्हिन गोडार्ड, फिलिप ग्राव्हेल आणि जॉन फिशर यांनी न्यूयॉर्कला बंदुकांच्या न्यायवैद्यक तपासणीची संस्था काढली. ग्राव्हेलचा तुलना करणारा सूक्ष्मदर्शक तिथलाच. एका डोळभिंगातून दोन गोळ्या, अर्धी ही आणि अर्धी ती.

पण सूक्ष्मदर्शक कितीही चांगला असला तरी आधी चाचणीची गोळी शाबूत मिळायला हवी ना? होम्ससारखी भिंतीत मारली तर शिसं चेपून त्याची पापडी होणार. त्यावरचे केसाएवढे बारीक ओरखडे पुसले जाणार. भिंत गोळी थांबवते खरी, पण तिची जीभ कापून थांबवते. म्हणून गोळी मऊ वस्तूत झाडायची. १९२७ च्या जूनमध्ये, गाजलेल्या साको-व्हान्झेट्टी प्रकरणात, गोडार्डने साकोच्या .३२ कोल्ट पिस्तुलातून कापसाच्या बोळ्यात गोळी झाडली आणि ती खुनातल्या गोळीशी ताडून पाहिली. त्या दोघांच्या खटल्याबद्दल आजही वाद आहेत, त्यात मी शिरत नाही. योगायोग असा, की याच प्रकरणात आधी बचाव पक्षातर्फे हजर झालेले तज्ज्ञ होते आपले तेच हॅमिल्टन. आणि कोर्टात त्यांनी पिस्तुलं सुटी करून पुन्हा जोडली तेव्हा साकोच्या पिस्तुलाची नळीच बदललेली निघाली! असो.

१९२९ साली शिकागोत व्हॅलेंटाइन डेला सात जणांना गोळ्या घातल्या गेल्या. मारेकऱ्यांपैकी काही जण पोलिसांच्या वेशात होते, त्यामुळे संशय पोलिसांवरही होता. गोडार्डने पोलिसांच्या टॉमी गन झाडून बघितल्या आणि त्या निर्दोष ठरवल्या. वर्षअखेरीस एका गुंडाच्या घरी दोन टॉमी गन मिळाल्या, त्यांच्या चाचणीच्या गोळ्या जुळल्या. म्हणजे चाचणी दोन्ही बाजूंनी उपयोगी पडली, सोडवायला आणि पकडायलाही.

हल्ली प्रयोगशाळांमध्ये कापसाऐवजी बहुधा पाण्याची लांब टाकी असते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. वेग जितका जास्त, तितका विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे पिस्तुलाची गोळी थोड्याच अंतरात दमते आणि अलगद तळाशी जाऊन बसते. कुणाला इजा नाही आणि अंगावरचे सगळे ओरखडे जसेच्या तसे. मला हे फार आवडलं. सुरक्षितता आणि सत्य या दोन वेगळ्या गरजा वाटतात, पण इथे दोन्हींची अट एकच आहे. गोळी हळुवार थांबली पाहिजे, आणि थांबण्याची जागा आधी ठरलेली पाहिजे.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे हवेत बार काढणं. 'वर मारली, कुणाला लागणार?' असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग. १९२० च्या सुमारास ज्युलियन हॅचर या अमेरिकन सेनाधिकाऱ्याच्या नोंदीतल्या चाचण्यांत मायामीजवळच्या पाण्यात फलाट बांधून मशिनगनने थेट आकाशात गोळ्या मारल्या. पाचशेहून जास्त झाडल्या, फलाटावर परत पडल्या फक्त चार! बाकीच्या कुठेकुठे पडल्या. यंत्र पक्कं बसवलेलं, नेम सरळ वर, तरी ही गत. मग वरातीत नाचता नाचता काढलेल्या बाराचं काय? आपल्या देशात लग्नाच्या मांडवात असे जीव गेले आहेत. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि आनंदाच्या भरात, बेफिकीरपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर काय? घरात पिस्तूल सुरक्षितपणे झाडून बघता येतं का? इतिहासाचं उत्तर मला असं दिसतं: ज्यांनी ते सुरक्षितपणे केलं त्यांनी एक तर गोळी खेळण्याची केली, नाहीतर घराची प्रयोगशाळा केली. तिसरा रस्ता नाही. परवानाधारकालाही चाचणी हवी असेल तर जागा म्हणजे रेंज.

आणि घरी सराव? तो तर आपले नेमबाज रोज करतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत किंवा तेजस्विनी सावंत यांची पदकं आपल्याला दिसतात. पण या खेळातला मोठा वेळ गोळीशिवाय जातो. हत्यार रिकामं आहे हे पुनःपुन्हा तपासायचं, भिंतीवरच्या कोऱ्या कागदाकडे बघत श्वास सांभाळायचा, चाप अलगद ओढायचा. खट्. बस्स, एवढाच आवाज. याला 'ड्राय फायर' म्हणतात. होम्सला कुणी हे सांगितलं असतं तर मिसेस हडसनची भिंत तरी वाचली असती.