मिक्लूरचें कुंपण

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख, बखरी व दप्तरें हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. झाडांच्या एखाद्या रांगेसही साक्षीदाराचा मान देतां येतो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. स्कॉटलंडांतील पर्थशायर परगण्यांत मिक्लूर येथें हमरस्त्याच्या कडेला बीच नांवाच्या वृक्षांचें एक कुंपण आहे. त्याची लांबी सुमारें ५३० मीटर व उंची सुमारें ३० मीटर! जगांतील सर्वांत उंच कुंपण अशी त्याची ख्याति आहे. ह्या साक्षीदाराचें म्हणणें काय आहे तें तपासून पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

आपल्या दख्खनेंत कुंपणाला निवडुंग किंवा शेर लावतात. कांटा आणि चीक ह्यांच्या धाकानें गुरें दूर राहावीं, ही त्यामागील दृष्टि. बीचला कांटाही नाहीं व तसला चीकही नाहीं. बागेंत त्याची योजना होते ती मुख्यतः आडोशासाठीं. वास्तविक हा पानझडी वृक्ष. परंतु कोवळ्या वयांत, किंवा छाटून ठेंगणा राखला असतां, त्याचीं वाळलेलीं तांबूस पानें हिवाळाभर फांद्यांनाच चिकटून राहतात व वसंतांत नवे कोंब फुटूं लागले म्हणजे गळून पडतात. म्हणून इतर झाडें उघडीं पडलीं तरी बीचचा पडदा कायम राहतो. झाड निद्रिस्त असतां, हिवाळ्यांत, फुटा-दीड फुटाच्या अंतरानें रोपें लावावीं. पाणी तुंबणारी जमीन वर्ज्य करावी. आणि उन्हाळा सरतां सरतां दरसाल छाटणी करावी, असें तिकडील माळ्यांचें शास्त्र आहे. ह्यांतील शेवटचा नियम वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. कारण छाटणी थांबली कीं कुंपणाचें अरण्य होतें.

मिक्लूरची लागवड १७४५ च्या शरद ऋतूंतली. त्या वेळीं पुण्यास नानासाहेब पेशव्यांची कारकीर्द चालू होती. मिक्लूरची वारसदार जीन मर्सर व तिचा पति रॉबर्ट मरे नेर्न ह्यांनीं हीं झाडें लावविलीं. त्याच वर्षीं चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट ह्यानें आपल्या पित्याच्या गादीसाठीं स्कॉटलंडांत बंडाचें निशाण उभारलें. नेर्न त्यास जाऊन मिळाला, आणि १६ एप्रिल १७४६ रोजीं कलॉडनच्या रणांत पडला. ती लढाई तासाभराच्या आंतच आटोपली. लोक असें सांगतात कीं, रोपें लावणारे गडीही धन्याबरोबर गेले व परत आले नाहींत. म्हणून त्यांच्या स्मरणार्थ तें कुंपण आकाशाकडे वाढूं दिलें.

कथा हृद्य आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु हृद्य कथेविषयींच इतिहासाच्या अभ्यासकानें अधिक सावध असावें. नेर्नचा मृत्यु हा इतिहास; गड्यांची कहाणी ही लोकश्रद्धा. दोहोंस एकाच तागडींत घालतां येणार नाहीं. शिवाय खुद्द झाडें काय सांगतात तें पाहावें. केवळ सोडून दिलेलीं झाडें असतीं तर त्यांच्या फांद्या रस्त्यावर पसरून वाट अडली असती. येथें तर रस्त्याच्या बाजूनें हिरवी भिंत तासल्यासारखी उभी आहे. याचा अर्थ उघड आहे. कोणी तरी उंचावर चढून, पिढ्यान् पिढ्या ती छाटीत आला आहे. वाढ ही निसर्गाची असेल. पण तिला कुंपणाचा आकार राहिला तो मनुष्याच्या श्रमामुळें.

गेलेल्यांची आठवण कथेनें राखली, हें योग्यच झालें. मात्र मागें राहून कात्री चालविणाऱ्यांविषयीं तीच कथा अगदीं मूक आहे. आपल्याकडेही किल्ला बांधविणाऱ्याचें नांव पोवाड्यांत येतें. त्याचा तट दर पावसाळ्यानंतर डागडुजून उभा ठेवणाऱ्याचें कोठेंच येत नाहीं. हे विसरलेले लोक शोधावयाचे तर कागदांबरोबर त्यांच्या हातचें कामही वाचावयास आपण शिकलें पाहिजे. मिक्लूरच्या कुंपणाची खरी साक्ष आमच्या मतें हीच आहे.