नळाचा सांधा

नळाचे बळ नळीत नसते, ते सांध्यात असते. नळी फुटण्याचे प्रसंग विरळा. पाणी झिरपते ते बहुधा दोन नळ्या जेथे एकमेकींस भेटतात तेथून. म्हणूनच नळांचा इतिहास हा पुष्कळ अंशी सांध्यांचा इतिहास आहे.

जुनी हुबळी ज्या काळी विजापूरकरांच्या मुलखात होती, त्या काळी हा प्रश्न राजधानीत मोठ्या कौशल्याने हाताळला गेला. मुहंमद आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६५१ साली, बांधलेल्या बेगम तलावाचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळ्यांतून विजापुरात आणले होते. एका नळीचे तोंड दुसरीत बसवून भोवती चुन्याचे जाड आवरण घातले जाई. तरीही दाब वाढला की सांधे उलण्याचे भय असेच. त्याकरिता वाटेवर ‘गंज’ नावाचे मनोरे उभारले गेले. त्यांत पाण्याचा दाब उतरे आणि गाळही तळाशी बसे. सांधा बुजविण्यापूर्वी तो का सुटतो हे पाहावे, हे त्या कारागिरांनी ओळखले होते.

पुढे बिडाचे नळ आले. त्यांच्या सांध्यांत ताग ठोकून वर वितळलेले शिसे ओतीत. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत पी.व्ही.सी.चे नळ निघाले आणि कालांतराने ते आपल्याकडील मोऱ्यांपर्यंत पोहोचले. या नळ्या सॉल्व्हंट सिमेंटने जोडतात. हा द्रव प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवितो व दोन्ही पृष्ठभाग एकजीव करतो. म्हणूनच गळत्या सांध्यावर वरून लेप दिला तर तो फार काळ टिकत नाही. तेवढा तुकडा कापून, नळी कोरडी व स्वच्छ करून, कपलर घालून नवा सांधा करणे हाच खरा उपाय होय. उष्णतेने प्लास्टिक वाढते. तीन मीटर लांबीची नळी वीस अंशांच्या फरकाने सुमारे ४ मिलिमीटर लांबते. तेव्हा लांब नळीत रबरी कड्याचा एखादा सैल सांधा ठेवावा लागतो. नळीला उतार व आधार नसेल, तर उत्तम सांधाही तुंबलेल्या पाण्यापुढे हार खातो.

ही बाब एका घरापुरती राहत नाही. पिण्याच्या पाण्याचे नळ रिते झाले की त्यांच्या सैल सांध्यांतून भोवतालची घाण आत शिरू शकते. हुबळी-धारवाडच्या आठ प्रभागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. पुढे संशोधकांनी तेथील पाण्याची इतर प्रभागांतील पाण्याशी तुलना केली, तेव्हा खंडित पुरवठ्याचे पाणी अधिक दूषित आढळले. एका घराच्या परसातील गळका सांधा असा शेजाऱ्याच्या घागरीपर्यंत पोहोचू शकतो. विजापूरच्या मनोऱ्यांनी दिलेला धडा तेथेच संपत नाही: सांध्याची काळजी हे केवळ प्लंबरचे काम नव्हे, ते शेजारधर्माचेही काम आहे.