आठशे सतरा पावले

कॅनडाचा प्राकृतिक नकाशा भिंतीवर लावून जरा लांबून पाहिला, तर हडसन उपसागराभोवतीच्या प्रदेशावर कोणी निळी शाई शिंपडली असावी असे वाटते. ही सारी सरोवरे आहेत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी या भागावर प्रचंड जाडीचा बर्फाचा थर होता. तो सरकताना कठीण खडक खरवडला गेला, खळगे पडले, आणि बर्फ वितळल्यावर त्यांत पाणी साठले. नद्यांना आपापल्या दऱ्या कोरून घ्यायला अजून पुरेसा वेळच मिळालेला नाही. म्हणून पाणी एका सरोवरातून सांडते, खडकांवरून थोडे धावते आणि पुढच्या सरोवरात शिरते.

अशा प्रदेशात होडीने दूरचा प्रवास करायचा, तर सरोवर संपले की होडी पाण्याबाहेर काढायची, खांद्यावर घ्यायची आणि पुढच्या पाण्यापर्यंत चालायचे. या चालण्याच्या टप्प्याला 'पोर्टेज' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ साधा : वाहून नेणे. आजही मिनेसोटा आणि ओंटारिओच्या सीमेवरच्या सरोवरांत हौशी लोक कयाक किंवा कनू घेऊन असे प्रवास करतात. कयाक ही आर्क्टिक किनाऱ्यावरच्या इन्युइट लोकांची, कातड्याने मढवलेली आणि वरून बंद होडी. कनू ही वरून उघडी, आणि सरोवरांच्या या जंगलात राहणाऱ्यांनी ती भूर्जाच्या सालीची बनवली.

ही सालीची होडी नीट समजून घेण्यासारखी आहे. भूर्जाच्या सालीत सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ असतो, त्यामुळे तिच्यातून पाणी झिरपत नाही. झाडावर साल जशी असते त्याच्या उलट, म्हणजे पांढरी बाहेरची बाजू आत घेऊन, ती वाकवतात. तुकडे स्प्रूस झाडाच्या चिवट मुळ्यांनी शिवतात, आणि शिवणीवर त्याच झाडाचा डिंक चरबी व कोळशाची पूड मिसळून थापतात. आतल्या फासळ्या सीडरच्या हलक्या लाकडाच्या असतात. यात एकही खिळा नाही. खडकावर आपटून होडी फुटली, तर दुरुस्तीचे सामान काठावरच्या जंगलात उभे असते. युरोपीय व्यापाऱ्यांकडे लोखंड होते, सुतार होते, समुद्र ओलांडणारी जहाजे होती. तरी या प्रदेशात शिरताना त्यांनी हीच होडी उचलली, कारण इथे होडीचे वजन पाणी ठरवत नाही, जमीन ठरवते.

हे व्यापारी आले बीव्हरच्या कातडीसाठी. युरोपात बीव्हरच्या लोकरीच्या टोप्यांना मोठी मागणी होती. होड्या वल्हवणारे बहुतेक फ्रेंच-कॅनेडियन मजूर होते. मालाचे गठ्ठे सुमारे ४१ किलोचे बांधलेले असत आणि एका खेपेला दोन गठ्ठे उचलण्याची रीत होती. गठ्ठ्याचा पट्टा कपाळावर घेत. सुपीरिअर सरोवराच्या काठापासून निघणारे 'ग्रँड पोर्टेज' सुमारे १४ किलोमीटर लांब होते. दोन खेपा करायच्या तर ते तीनदा चालावे लागे, आणि त्यातले दोनदा ८२ किलो वजन पाठीवर! (हे गणित वर्गात जरूर घालावे.) अंतर्गळ हा या लोकांचा ठरलेला आजार होता, यात नवल नाही.

नॉर्थ वेस्ट कंपनीचा स्कॉटिश भागीदार अलेक्झांडर मॅकेन्झी याला या मार्गाने पॅसिफिक गाठायचा होता. १७८९ साली तो एका मोठ्या नदीबरोबर गेला आणि पोहोचला आर्क्टिक महासागराशी. ती नदी आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. रेखांश काढण्यात आपण कच्चे आहोत हे ओळखून तो इंग्लंडला गेला, खगोलवेधांचा अभ्यास केला, उपकरणे आणली आणि ९ मे १७९३ रोजी पीस नदीवरून पुन्हा निघाला. होडी साडेसात मीटर लांब होती. तिच्यात दहा माणसे आणि सुमारे १,३६० किलो सामान मावे, पण रिकामी होडी दोघे जण न थांबता तीन-चार मैल नेऊ शकत.

रॉकी पर्वतातल्या घळीत पाणी इतके खवळलेले होते, की झाडे तोडून वाट काढून होडी डोंगरावर ओढून न्यावी लागली. पुढे जूनमध्ये सेकानी लोकांची गाठ पडली. त्यांच्यापैकी एकाने नेमका भूगोल सांगितला : तीन लहान सरोवरे आहेत, तेवढीच पोर्टेजेस आहेत, त्यापुढे एक छोटी नदी, आणि ती एका मोठ्या नदीला मिळते.

१२ जून रोजी मॅकेन्झी त्यांतल्या एका सरोवराच्या टोकाशी आला. पुढे एक बुटका उंचवटा होता. त्याने पावले मोजली : ८१७. फार तर अर्धा-पाऊण किलोमीटर. उंचवट्याच्या अलीकडचे पाणी पीस नदीतून आर्क्टिकला जाते, पलीकडचे फ्रेझर नदीतून पॅसिफिकला. आपल्याकडे महाबळेश्वराच्या माथ्यावरून कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते, तसाच हा जलविभाजक. पण सावित्रीच्या बाजूचा कडा कोणी होडी घेऊन उतरणार नाही, इथे मात्र होडी खांद्यावरून पलीकडे नेता येते.

आम्हाला विशेष वाटते ते पुढचे. त्या ८१७ पावलांवर मळलेली पायवाट होती. तिथे जुन्या होड्या होत्या आणि झाडांवर टोपल्या टांगलेल्या होत्या, त्यांत कोणाचे तरी सामान. मॅकेन्झीने एक जाळे, काही गळ, एक शिंग आणि एक लाकडी सापळा घेतला, आणि बदल्यात सुरी, चकमकीची पोलादे, मणी, आऱ्या ठेवल्या. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. खंडाचा जलविभाजक 'शोधला' असे पुस्तके सांगतात, तो लोकांच्या ये-जा करण्याचा, सामान ठेवून जाण्याचा रस्ता होता.

दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या नदीत होडी फुटली. ती डागडुजी करून पुढे नेली. फ्रेझर खाली भयंकर आहे असे काठावरच्या लोकांनी सांगितल्यावर मॅकेन्झी मागे फिरला आणि ४ जुलैपासून पायी निघाला. ती वाटही तयार होती. यूलाकॉन या माशाचे तेल किनाऱ्यावरून आत नेण्यासाठी लोक तिचा पिढ्यान्‌पिढ्या वापर करत. शेवटचा टप्पा त्याने न्यूहाल्क लोकांच्या होड्यांतून केला. २२ जुलै रोजी त्याने किनाऱ्यावर गुरूच्या उपग्रहांचे वेध घेऊन रेखांश काढला आणि शेंदरी रंग चरबीत कालवून खडकावर नाव, तारीख व आपण कॅनडाहून खुष्कीने आल्याचे लिहिले. एवढे पाणी कापून 'खुष्कीने'!

त्याचे प्रवासवर्णन १८०१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचलेल्या जेफर्सनने पुढे लुईस आणि क्लार्क यांना पाठवले. पुस्तकात मोहिमेच्या आरंभी सहा वल्हेकऱ्यांची नावे दिलेली आहेत. बरोबरच्या दोन स्थानिक शिकाऱ्यांचा उल्लेख तिथे फक्त 'दोन इंडियन' असा आहे.